कागदाचा हँगर

माझ्या लहानपणी आमच्या घरात एकही हँगर नव्हता. वडिलांचे सदरे भिंतीतल्या खुंटीला टांगलेले असत. आईच्या साड्या छतापासून दोरीने बांधलेल्या बांबूच्या दांडीवर घड्या घालून ठेवलेल्या असत. घरमालकीणबाईंच्या माजघरातही अशीच एक दांडी होती. त्या हातातल्या लांब काठीने ओले वस्त्र वर चढवीत आणि वाळले की त्याच काठीने खाली उतरवीत. खुंटी, दांडी आणि काठी यांपैकी एकही वस्तू आम्ही कधी टाकून दिल्याचे मला आठवत नाही. त्या जुन्या झाल्या, काळ्या पडल्या, पण घरातच राहिल्या. पुढे टाकून देण्यासाठीच एक वस्तू घडवायला मी बसले, तेव्हा मला या तिन्ही वस्तूंची पुष्कळदा आठवण झाली.

ही हकीकत चेन्नईतल्या वेस्ट मांबलम या वस्तीतली आहे. वडील रेल्वेच्या नोकरीत होते. बदली होऊन ते अकोल्याहून मद्रासला आले आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिले. मी तमिळ शाळेत शिकले, तेही दहावीपर्यंतच. मराठी मला आईने शिकवली. तिच्यापाशी जुन्या मासिकांचा एक गठ्ठा होता, तोच माझा अभ्यासक्रम. शेजाऱ्यांची भाषा वेगळी असली तरी ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ हे दोन शब्द मला नव्याने शिकावे लागले नाहीत. थोरल्या भावाला अण्णा आणि थोरल्या बहिणीला अक्का, हे आमच्याकडे आणि त्यांच्याकडे सारखेच. परक्या मुलखात पाय रोवायला एवढा आधारही पुरेसा असतो.

वेस्ट मांबलमच्या पूर्वेला रेल्वेचे रूळ आहेत आणि रुळांपलीकडे त्यागराय नगर, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातले टी. नगर. साऱ्या दक्षिण भारतातून लोक तिथे कपडे घ्यायला येतात. १९२८ पासून चालत आलेले नल्लींचे रेशमी साड्यांचे दुकान तिथेच आहे. मांबलम स्टेशनातून बाहेर पडले की रंगनाथन स्ट्रीट लागतो. त्या अरुंद गल्लीत दिवाळीच्या सुमारास माणूस चालत नाही, गर्दीच त्याला पुढे नेते. रुळांच्या पलीकडे कापड विकले जाते आणि अलीकडे, आमच्या गल्ल्यांतून, त्या कापडाची उस्तवार होते. कोणी साड्यांना फॉल लावतो, कोणी रफू करतो, कोणी इस्त्री करतो. मी साड्यांची खोकी तयार करते. घराच्या पुढच्या दोन खोल्यांत माझा छोटासा कारखाना आहे. माझ्यासह तिघी जणी तिथे पुठ्ठा कापतो, दुमडतो आणि चिकटवतो.

हँगर आमच्या घरी केव्हा शिरला ते सांगता येणार नाही. तयार कपडे घ्यायची सवय लागली आणि प्रत्येक कपड्याबरोबर एक प्लास्टिकचा हँगर फुकट येऊ लागला. सुरुवातीला आम्हांला त्याचे अप्रूप वाटले. नंतर कपाटाच्या तळाशी त्यांचा ढीग झाला. एक ओढावा तर चार निघावेत, असा तो गुंता. शेवटी एके दिवशी मी तो ढीग उचलला आणि कचऱ्याच्या पेटीत टाकला. घर मोकळे झाले. आपण काही चुकीचे केले, असे तेव्हा मनातही आले नाही.

१ डिसेंबर २०१५ रोजी चेन्नईत अपार पाऊस कोसळला. त्या रात्री अड्यार नदीला पूर आला आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. वेस्ट मांबलम मुळातच सखल. आमच्या भागात लेक व्ह्यू रोड नावाचा रस्ता आहे, पण तिथून आता कोणताही तलाव दिसत नाही. पूर्वी इथे एक लांबलचक तलाव होता. १९२० च्या दशकात तो आटवून त्या जागेवर टी. नगर वसवले गेले. माणसे तलाव विसरली. पाणी मात्र आपली जागा विसरत नाही, हे त्या रात्री आम्हांला समजले. पहाटेपर्यंत माझ्या कारखान्यात कमरेएवढे पाणी होते.

पाणी उतरले तेव्हा मी दार उघडले. दिवाळीनंतरच्या लग्नसराईसाठी कर्ज काढून आणलेला पुठ्ठा कोपऱ्यात रचून ठेवला होता. त्याचे थर राहिले नव्हते, कडा राहिल्या नव्हत्या. हात लावला तर बोटे आत रुतली. अवघ्या दोन दिवसांत माझे भांडवल राखाडी लगदा होऊन गेले होते. आम्ही तिघींनी तो घमेल्यांनी भरून बाहेर टाकला. त्या वेळी कोणी कोणाशी बोलले नाही.

बाहेर गल्लीत पाणी अजून तुंबलेलेच होते. गटाराच्या जाळीपाशी काहीतरी अडकले असावे म्हणून मी हात घातला. हाताला आधी एक आकडा लागला. ओढला तर त्याच्यामागून दुसरा, तिसरा, आणि त्यांच्या आकड्यांत गुंतलेल्या पिशव्या, चिंध्या, नारळाच्या झावळ्या. ते प्लास्टिकचे हँगर होते. जाळीच्या गजांना त्यांनी घट्ट धरून ठेवले होते, आणि वाहत आलेल्या प्रत्येक वस्तूला ते धरून ठेवीत होते. मी ते बाहेर काढून कठड्यावर ठेवले. उन्हात ते धुतलेल्या भांड्यांसारखे चमकू लागले. त्यांना काहीही झाले नव्हते. त्यांतला एखादा माझ्याच कपाटातला असेल का, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला.

त्या दुपारी मी एका बाजूला माझ्या पुठ्ठ्याचा लगदा पाहत होते आणि दुसऱ्या बाजूला ते चकचकीत हँगर. दोघांवरून एकच पाणी गेले होते. जी वस्तू मला टिकायला हवी होती ती नाहीशी झाली, आणि जी मी टाकून दिली होती ती टिकून राहिली. धरून ठेवणे हेच आकड्याचे काम. पण त्याचे काम संपले आहे, हे त्याला कळत नाही. ते कळण्याची सोय त्याच्या घडणीतच करता येईल का? माझ्या पुठ्ठ्याला जे पाण्यात झाले, ते हँगरला व्हायला काय हरकत आहे?

मनात घर करून राहिलेल्या वस्तूविषयी माणूस चौकशी करू लागतो. मीही केली. कपडे टांगण्याच्या आकड्याचे एक जुने पेटंट १८६९ सालचे आहे. ते अमेरिकेतील न्यू ब्रिटन गावच्या ओ. ए. नॉर्थ या माणसाचे. तारेच्या हँगरची गोष्ट त्याहून गमतीची सांगतात. १९०३ साली मिशिगन राज्यातल्या एका तारेच्या कारखान्यात अल्बर्ट पार्कहाउस नावाचा कामगार सकाळी कामावर आला, तेव्हा कोट अडकवायला एकही आकडा रिकामा नव्हता. त्याने जवळ पडलेली तार उचलली, दोन बाजूंना वाकवली, टोकाला पीळ दिला आणि कोट टांगला. माझ्या धंद्याची चौकशी करताना तर मला अधिकच आश्चर्य वाटले. खोक्यांसाठी आपण जो नागमोडी थराचा पुठ्ठा वापरतो, त्याचे पहिले पेटंट १८५६ साली इंग्लंडमध्ये घेतले गेले, आणि ते खोक्यांसाठी नव्हते. पुरुषांच्या उंच टोप्यांच्या आत अस्तर म्हणून तो कागद वापरीत. म्हणजे माझा पुठ्ठा जन्माने कपड्यांच्याच घरातला निघाला. त्याला पुन्हा तिथे नेणे काही फारसे वावगे नव्हते.

आज दुकानांत दिसणारे बहुतेक हँगर पॉलिस्टायरीन किंवा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे असतात. भंगारवाल्याला ते नको असतात. त्यांचे वजन थोडे, जागा फार. शिवाय अंग प्लास्टिकचे आणि आकडा लोखंडाचा. दोन्ही वेगळे करायला जी मजुरी पडते, तेवढी किंमत त्यांना मिळत नाही. मग ते इतर कचऱ्याबरोबर जातात. चेन्नईच्या दक्षिण भागातला कचरा वर्षानुवर्षे पेरुंगुडीला, पळ्ळिकरणैच्या पाणथळ जागेत टाकला गेला. आपण ‘टाकून दिले’ म्हणतो, त्याचा अर्थ एवढाच की ती वस्तू आपल्या नजरेआड दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणात जाऊन पडली.

कर्जाचे हप्ते फेडता फेडता, रात्रीच्या वेळी मी हँगर कापू लागले. पहिला हँगर मी एका थराच्या पुठ्ठ्याचा कापला. त्याला तूरडाळीची अर्ध्या किलोची पुडी बांधली. आकडा मानेपाशी फाटला आणि डाळ घरभर झाली. अंगात घालायचा एक सदरा अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरतो. त्याच्या दुप्पट वजन हँगरने पेलावे, एवढीच माझी अपेक्षा होती. पुढचे कित्येक हँगर त्याच जागी फाटले. मग लक्षात आले की मान जिथे काटकोनात कापली आहे, तिथूनच चीर सुरू होते. तो कोन मी गोलाकार केला. कागदालाही लाकडासारखी नस असते. नसेच्या दिशेने तो ताण चांगला सोसतो, आडवा ताण तेवढा सोसत नाही. म्हणून तीन थर घेतले आणि मधल्या थराची नस आडवी ठेवली. थर चिकटवायला साबुकंदाच्या पिठाची खळ केली. उपवासाच्या खिचडीचा साबुदाणा महाराष्ट्रात घरोघरी जातो, तो मुख्यतः आमच्या तमिळनाडूतल्या सेलमकडचा. त्याच कंदाचे पीठ. अशा हँगरने पाऊण किलो वजन दोन दिवस धरले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पहिली परीक्षा घेतली ती आमच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या अक्कांनी. झाडाखाली त्यांची चारचाकी गाडी असते. त्यांची इस्त्री कोळशाची आणि चांगली वजनदार. मी त्यांना पाच हँगर दिले. त्यांनी एक उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, “हे कशासाठी?”

“कपडे पोहोचते केले की टाकून द्यायचे, अक्का. मातीत मिसळून जातील.”

“टाकायचे कशाला? फाटले का?”

मला उत्तर देता आले नाही. महिनाभर त्या पाचही हँगरांवर गल्लीतले सदरे घरोघरी गेले आणि रिकामे हँगर अक्कांनी प्रत्येक दारातून परत मागून आणले. ज्या बाईच्या घरात टाकण्याजोगे काही नसते, तिला ‘टाकण्याजोगी वस्तू’ ही कल्पना समजावून सांगणे कठीण असते. मी ती सांगत राहिले आणि त्या हसत राहिल्या.

तमिळनाडू सरकारने १ जानेवारी २०१९ पासून एकदा वापरून फेकायच्या चौदा प्रकारच्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली. महाराष्ट्रात अशी बंदी आदल्याच वर्षी आली होती. बंदीच्या यादीत हँगर नव्हता, पण दुकानदार पर्यायांचा विचार करू लागले होते. टी. नगरमधल्या एका तयार कपड्यांच्या दुकानाने माझे नमुने पाहिले आणि आडी महिन्याच्या सवलतीच्या विक्रीसाठी हँगर मागवले. आपल्याकडे आषाढात खरेदी मंदावते. तमिळनाडूत मात्र आडी महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, कापड दुकानांत सवलतींची धूम असते. त्या वर्षी उन्हाळा भयंकर होता. चेन्नईला पाणी पुरवणारे तलाव कोरडे पडले होते. जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आम्ही बादलीभर पाण्यासाठी रांगेत उभे राहत होतो आणि माझे हँगर त्या कोरड्या हवेत खणखणीत उभे होते. एकाही हँगरबद्दल तक्रार आली नाही. दुकानदारांनी दिवाळीसाठी मोठी मागणी नोंदवली. मी पुन्हा कर्ज काढले.

महाराष्ट्रात दिवाळी येते तेव्हा पाऊस निरोप घेऊन गेलेला असतो. चेन्नईत तो त्याच सुमारास येतो. ईशान्येकडून येणारा हा मोसमी पाऊस ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत आमच्यावर पडत राहतो. मी जन्मभर इथे राहिलेली बाई. ही गोष्ट मला माहीत नव्हती असे नाही. पण मागणीचा कागद हातात आल्यावर मी आकाशाकडे पाहायला विसरले. २०१९ साली दिवाळी २७ ऑक्टोबरला होती आणि पाऊस तिच्या दहा-बारा दिवस आधीच सुरू झाला. एके सकाळी दुकानातून निरोप आला. रात्रभराच्या दमट हवेने हँगरांच्या माना वाकल्या होत्या. मुलींचे परकर-पोलके आणि पुरुषांचे सदरे खाली जमिनीवर पडले होते. ऐन दिवाळीच्या गर्दीत नोकरांना ते गोळा करून पुन्हा घड्या घालाव्या लागल्या. त्यांनी उरलेला माल परत पाठवला. त्यांचे काही चुकले नव्हते.

परत आलेले गठ्ठे त्याच कोपऱ्यात रचले, जिथे २०१५ साली पुठ्ठा भिजला होता. माझ्यासोबत काम करणाऱ्या दोघींना दिवाळीची उचल मी मंगळसूत्र गहाण ठेवून दिली. हा तपशील सांगू नये असे वाटत होते. पण नव्या वस्तूंच्या गोष्टी सांगताना अशी पाने आपण गाळतो, आणि मग ऐकणाऱ्याला वाटते की कल्पना सुचली की काम झाले.

नंतरच्या रिकाम्या दिवसांत मी पुष्कळ विचार केला. कागद म्हणजे एकमेकांना बिलगलेले वनस्पतींचे तंतू. ते कोरडे असतात तोवर त्यांची पकड घट्ट असते. पाण्याचे कण मधे शिरले की ती सैल होते. म्हणजे ज्या गुणामुळे माझा हँगर मातीत मिसळणार होता, त्याच गुणामुळे तो दिवाळीत वाकला होता. तो दोष नव्हता. तो माझ्याच अटीचा दुसरा चेहरा होता. काम असेपर्यंत खंबीर राहा आणि काम संपताच नाहीसा हो, हे मी एकाच पदार्थाकडे मागत होते.

लोकांनी उपाय सुचवले. कागदावर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा चढवा, म्हणजे पाणी शिरणार नाही. खरे होते, पण मग तो कागदही राहिला नसता आणि प्लास्टिकही. भंगारवाल्याने त्याला हातसुद्धा लावला नसता. खळीला झुरळे लागतात, म्हणून पुस्तके बांधणारे तिच्यात मोरचूद घालतात, तसे कर, असे एकाने सांगितले. मोरचूद विषारी आहे. जी वस्तू मातीत जाणार, तिच्यात विष कसे कालवायचे?

आईने वेगळेच काही सुचवले. तिचे माहेर यवतमाळकडचे. कापूस वेचून झाल्यावर शेतात उरणाऱ्या पऱ्हाट्या तिकडे चुलीत जातात किंवा शेतातच पेटवल्या जातात. त्या पऱ्हाट्यांचे तक्ते करण्याची पद्धत मुंबईतल्या माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने विकसित केली आहे, हे मला त्या शोधात कळले. १९२४ पासूनची ही संस्था. माटुंगा म्हणजे मुंबईतली तमिळ लोकांची जुनी वस्ती. मांबलममधली मराठी बाई माटुंग्याकडून शिकते, याची मला मौज वाटली. कापसाचा सदरा कापसाच्याच काडीवर टांगावा, ही कल्पना आईला फार आवडली होती. पण असे तक्ते बांधायला रासायनिक डिंक आणि मोठा दाब देणारे यंत्र लागते. माझ्या दोन खोल्यांत ते बसणारे नव्हते. चांगली कल्पनाही आपल्या उंबऱ्यातून आत यावी लागते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि सारी दुकाने मिटली. अक्कांची गाडी झाडाखाली झाकून ठेवलेली होती. तिला बांधलेली काथ्याची दोरी मी खिडकीतून रोज पाहत असे. पाऊस आला, ऊन आले, पुन्हा पाऊस आला. दोरी तशीच होती. नारळाचा सोडणा पाण्यात भिजवून, कुजवूनच काथ्या काढतात. ज्याचा जन्मच पाण्यात झाला, तो पाण्याला काय भिणार? तोही शेवटी कुजतो, पण सावकाश. माझ्या हँगरची मान वाकत होती. खांद्याचा भाग जाड असल्याने दमट हवेतही तग धरत होता. मग मान कागदाची असावीच कशाला?

मी कागदी आकडा काढून टाकला. खांद्याच्या मधोमध एक गोल भोक पाडले आणि त्यात काथ्याचा फास ओवला. पुढच्या पावसाळ्यात तो हँगर मी मुद्दाम पडवीत टांगून ठेवला. खांदे जरासे मऊ पडले, पण सदरा खाली आला नाही. त्यात एक उणीवही होती. दुकानातल्या लांब गजावर आकडा चटकन अडकवता येतो, फास तसा अडकत नाही. म्हणजे मोठ्या दुकानांचे दार मला पुन्हा बंद झाले. फास कुठे अडकतो? खिळ्याला, गाडीच्या दांड्याच्या टोकाला आणि भिंतीतल्या खुंटीला. आमच्या घरातल्या त्या जुन्या खुंटीकडे मी असा फिरून फिरून आले.

आज माझे हँगर आमच्या भागातले इस्त्रीवाले आणि काही लहान दुकानदार घेतात. मागणी मोठी नाही. घर खोक्यांवरच चालते. मधल्या काळात बाहेर बरेच बदलले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तमिळनाडू सरकारने ‘मीण्डुम मंजप्पै’ म्हणजे ‘पुन्हा पिवळी पिशवी’ ही मोहीम सुरू केली. पूर्वी तमिळ घराघरांत असणाऱ्या पिवळ्या कापडी पिशवीला तिने पुन्हा मान मिळवून दिला. १ जुलै २०२२ पासून एकदा वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. त्याही यादीत हँगर नाही. मे २०२३ मध्ये मांबलम स्टेशन आणि टी. नगरचे बसस्थानक यांना जोडणारा पादचारी पूल झाला. त्यावरून खरेदीच्या पिशव्या घेतलेली माणसे आमच्या बाजूला उतरतात. त्या पिशव्यांतून हँगरचे आकडे डोकावतात. अशा वेळी मला वाटते, दुकानदाराने एवढेच विचारावे : “हँगर हवा आहे, की इथेच ठेवू?” बनवलाच गेला नाही असा हँगर सर्वांत कमी कचरा करतो. हँगर बनवणाऱ्या बाईने हे म्हणावे हे विचित्र आहे, पण ते खरे आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर मी अक्कांकडे नवे हँगर घेऊन गेले. त्यांनी गाडीच्या खालच्या खणातून काथ्याच्या फासांची एक जुडी काढून माझ्या हातात दिली. गाठी सोडून, नीट सरळ करून, दोऱ्याने बांधलेली.

“हे काय, अक्का? आणि हँगर कुठे गेले?”

“खांदे मऊ पडले, मग फाडून ठेवले. सकाळी कोळसा पेटवायला घेते. छान पेटतात, धूरही होत नाही. रंगीत छापलेले मात्र देत जाऊ नकोस, त्यांचा वास येतो.” मग जुडीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, “यात अजून जीव आहे. नव्याला लाव.”

वस्तूचा शेवट कसा व्हावा याचा विचार मी इतकी वर्षे केला होता. माझ्या मनात माती होती. अक्कांनी तिला चूल दाखवली. ज्या इस्त्रीने सदरा कडक झाला, तिच्यातच त्याचा हँगर जळून गेला, आणि ज्याचे काम संपले नव्हते ते माझ्याकडे परत आले. त्या दिवसापासून मी हँगरांवर रंगीत छपाई बंद केली.

घरी येऊन मी ती जुडी खुंटीला अडकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या हँगरांना तेच जुने फास ओवायला घेतले.